वेस्ट ब्लूमफील्डमध्ये घर घेताय? आधी तळं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिंचवडहून डेट्रॉईटला बदली होतेय. एक मूल सहावीत, एक पहिलीत, आणि उन्हाळ्यात आईबाबा येऊन राहणार. ऑफिसातल्या मंडळींनी वेस्ट ब्लूमफील्ड सुचवलं, तुम्ही नकाशा उघडला तर जिकडेतिकडे निळे ठिपके. हे गाव नेमकं आहे कसं, आणि तळ्याकाठच्या घरासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. वेस्ट ब्लूमफील्ड ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं त्या ऑकलंड काउंटीत तळ्यांच्या पातळ्या, सांडवे आणि पावसाच्या पाण्याचा निचरा या कामात 26 वर्षं गेली. त्याआधीचं आयुष्य ठाण्यात, तलावपाळीपासून दहा मिनिटांवर. तेव्हा शाळा आणि कर यांबद्दल सांगेनच, पण जास्त बोलणार आहे ते पाण्याबद्दल. इथे घर घेताना आपली माणसं स्वयंपाकघरातला ओटा दोनदा मोजतात, आणि ज्या तळ्यासाठी एवढी किंमत मोजली त्याची मालकी कुणाकडे आहे हे विचारत नाहीत.

आधी शब्दाचा घोळ. वेस्ट ब्लूमफील्डला टाउनशिप म्हणतात. पुण्यात टाउनशिप म्हटलं की मगरपट्टा आठवतो, म्हणजे बिल्डरने बांधलेली वसाहत. मिशिगनमध्ये टाउनशिप ही स्थानिक शासनाची पायरी आहे. 1785 च्या जमीन कायद्याने सगळा प्रदेश सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकटींत मोजला गेला आणि त्या चौकटीच पुढे टाउनशिप झाल्या. वेस्ट ब्लूमफील्ड 1833 पासून वेगळं आहे. दक्षिणेची हद्द फोर्टीन माइल रोड, पश्चिमेची हॅगर्टी रोड. क्षेत्रफळ सुमारे 31 चौरस मैल, त्यातले जवळपास 4 पाण्याखाली. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 65,888. मूळ चौकटीतून ऑर्चर्ड लेक व्हिलेज, कीगो हार्बर आणि सिल्व्हन लेक ही छोटी गावं वेगळी झाली. कीगो हार्बर तर जेमतेम अर्ध्या चौरस मैलाचं. पत्त्यात 'वेस्ट ब्लूमफील्ड' असलं तरी घर कुणाच्या हद्दीत आहे ते करपावतीवरच बघा. शेजारचं ब्लूमफील्ड टाउनशिप वेगळं आणि ब्लूमफील्ड हिल्स हे शहर त्याहून वेगळं.

कारभार सात जणांचा. सुपरवायझर, क्लार्क, ट्रेझरर आणि चार ट्रस्टी, सगळे मतदानाने निवडलेले. रस्ते मात्र टाउनशिपचे नसतात, ते काउंटीच्या रोड कमिशनकडे असतात. वसाहतीतला रस्ता नव्याने करायचा तर बहुतेक वेळा तिथल्या घरमालकांनीच अर्ज करून, विशेष आकारणी मान्य करून पैसे भरायचे असतात. घराच्या कागदांत अशी आकारणी शिल्लक आहे का, हे एजंटला पहिल्या भेटीतच विचारा.

आता तळ्यांकडे येते. आपल्याकडची तळी बहुतेक माणसाने बांधलेली. विहार 1860 चा, पवई 1891 चा, धरणाने अडवलेलं पाणी. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लोणारसारखा अपवाद सोडला तर निसर्गाने तळी फारशी ठेवलेलीच नाहीत. इथे उलट आहे. शेवटचं हिमयुग सरताना या भागावर हिमनदीच्या दोन जिभा एकमेकींना भिडल्या होत्या, एक सॅगिनॉ उपसागराच्या बाजूने आलेली, दुसरी ह्युरॉन आणि ईरी सरोवरांच्या बाजूने. दोन्ही वितळताना मधल्या पट्ट्यात वाळू, गोटे आणि रेतीचे प्रचंड ढीग पडले. त्या ढिगांत बर्फाचे मोठाले तुकडे गाडले गेले. बर्फ सावकाश वितळला, वरची रेती खाली बसली आणि खड्डे तयार झाले. भूजल त्या खड्ड्यांत वर आलं, ती ही तळी. ऑकलंड काउंटी आपल्या हद्दीत 1,400 हून अधिक तळी मोजते, आणि वेस्ट ब्लूमफील्ड स्वतःला 'काउंटीचं तळ्यांचं टाउनशिप' म्हणवतं. या जन्मकथेमुळेच तळी खोल आहेत. कॅस लेक सुमारे 1,280 एकरांचं, म्हणजे बरोबर दोन चौरस मैल, आणि सर्वांत खोल जागी 123 फूट. बारा मजली इमारत उभी बुडेल.

खोल तळ्याची एक सवय सांगते, कारण पहिल्याच वर्षी तुम्ही घाबराल. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट आणि हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू संपत जातो. पानगळीच्या सुमारास वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि अख्खं तळं ढवळून निघतं. बर्फ वितळल्यावर पुन्हा तेच. त्या दिवसांत कधी पाणी गढूळ दिसतं, कधी वास येतो. तो तळ्याचा श्वास आहे, बिघाड नाही.

या जमिनीचं मोल आज एवढं, पण 1815 मध्ये सरकारी सर्वेक्षण प्रमुख एडवर्ड टिफिन यांनी मिशिगनच्या या अंतर्भागाबद्दल कळवलं होतं की शंभरात एक एकरही लागवडीलायक सापडणं कठीण. दलदल, पाणी, रेताड टेकाडं. त्याआधी 1807 च्या डेट्रॉईट करारात ओडावा, ओजिब्वे, पोटावाटोमी आणि वायंडॉट लोकांकडून आग्नेय मिशिगनची जमीन सरकारने घेतली होती. त्यांच्या खुणा नावांत उरल्या आहेत. कीगो हा ओजिब्वे भाषेतला माशाचा शब्द. कॅस लेक मात्र तेव्हाचे गव्हर्नर लुईस कॅस यांच्या नावाचं. 1825 मध्ये ईरी कालवा खुला झाला आणि न्यूयॉर्ककडचे शेतकरी या बाजूला येऊ लागले. 1900 च्या सुमारास डेट्रॉईट आणि पाँटिअ‍ॅककडून विजेची रेल्वे आली, तशी शहरातली कुटुंबं सुट्टीला तळ्यांवर येऊ लागली. चाळीस-चाळीस फुटी अरुंद प्लॉट पाडून उन्हाळी झोपड्या उभ्या राहिल्या. आज त्याच प्लॉटवर तीन मजली घरं दाटीने उभी दिसतील. दोन घरांत हात घालायला जागा नाही आणि किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे, याचं मूळ त्या झोपड्यांत आहे.

आता कळीचा मुद्दा. जाहिरातीत तुम्हाला तीन तऱ्हेचे शब्द दिसतील: 'लेकफ्रंट', 'लेक प्रिव्हिलेजेस' आणि 'लेक व्ह्यू'. तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लेकफ्रंट म्हणजे प्लॉट प्रत्यक्ष पाण्याला टेकलेला. मिशिगनच्या कायद्यात अशा मालकाला रायपेरियन हक्क असतात. तळ्याचा तळ, म्हणजे पाण्याखालची जमीनसुद्धा, काठावरच्या मालकांमध्ये मध्यापर्यंत वाटली गेलेली असते, केकच्या फोडींसारखी. पृष्ठभाग सगळ्या काठमालकांचा मिळून. तुमची बोट शेजाऱ्याच्या फोडीवरून खुशाल जाऊ शकते, पण त्याच्या फोडीत नांगर टाकून कायमची ठेवता येत नाही. डॉक, म्हणजे बोट बांधायचा धक्का, उभारणं हा काठमालकाचा हक्क.

लेक प्रिव्हिलेजेस म्हणजे घर आत, दोन-तीन गल्ल्या सोडून, आणि वसाहतीच्या सामायिक काठावर जायची परवानगी. ही परवानगी किती, ते जुन्या दस्तात लिहिलेलं असतं. एका मराठी कुटुंबाने असं घर घेतलं, बोट आधीच बुक केली, आणि मग दस्त माझ्याकडे आणला. 1920 च्या दशकातल्या त्या ओळीत पोहण्यासाठी आणि फिरण्यासाठी ये-जा एवढंच होतं. डॉक नाही, बोट बांधणं नाही. बोटीचे पैसे गेले. त्या ताई माझ्या ओट्याशी उभ्या राहून रडल्या, ते मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, करार करण्याआधी टायटल कंपनीकडून (मालकीचे कागद तपासणारी कंपनी) मूळ प्लॅट, म्हणजे प्लॉटचा नोंदलेला नकाशा, आणि ईझमेंटचा, म्हणजे वापराच्या हक्काचा, मजकूर मागवा आणि मालमत्तेच्या वकिलाकडून वाचून घ्या. रस्ता जिथे तळ्यात संपतो त्या टोकावर डॉक लावू, असंही कुणी सुचवेल. ते सहसा चालत नाही, 2012 पासून राज्याचा कायदा त्याबाबत आणखी कडक आहे.

लेक व्ह्यू म्हणजे खिडकीतून पाणी दिसतं. बाकी काही नाही.

दुसरा प्रश्न: तळं कुणासाठी खुलं? कॅस लेकवर वॉटरफर्डच्या बाजूला डॉज नंबर 4 हे राज्य उद्यान आहे. तिथून कुणीही बोट उतरवू शकतं, पोहू शकतं. ऑर्चर्ड लेकवरही राज्याचा बोटींसाठी घाट आहे. पाइन लेक आणि वॉलनट लेक मात्र खासगी, बाहेरच्यांना वाटच नाही. खासगी तळ्यावर शांतता मिळते, पण शेवाळाचा, तणाचा खर्च काठमालकांवरच येतो. खुल्या तळ्यावर जुलैच्या शनिवारी बोटींची जत्रा भरते. 'ऑल स्पोर्ट्स लेक' असा शब्द दिसला तर मोटरबोट, वॉटर स्कीइंग सगळं चालतं असं समजा, आणि त्याचा आवाज बेडरूमपर्यंत येतो हेही धरून चाला. आईबाबांना दुपारी झोपायचं असेल तर लहान, बिनमोटरीचं तळं बघा.

पातळीचा विषय माझ्या रोजच्या कामाचा. इथल्या बऱ्याच तळ्यांची पातळी न्यायालयाने ठरवून दिलेली असते, समुद्रसपाटीपासून फुटांच्या शतांशापर्यंत, काही ठिकाणी उन्हाळ्याची वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी. ती राखण्याचं काम काउंटीच्या वॉटर रिसोर्सेस कमिशनरच्या कार्यालयाकडे. सांडव्यावरच्या फळ्या काढायच्या, घालायच्या, पंप चालवायचे. खर्च त्या तळ्याच्या आकारणी क्षेत्रातले घरमालक भरतात. मोठा पाऊस झाला की वरच्या तळ्याचे लोक फोन करतात, आमचे डॉक बुडाले, पाणी सोडा. खालचे फोन करतात, सोडू नका, आमची बेसमेंटं भरतील. क्लिंटन नदी एकामागून एक तळ्यांतून ओवलेली आहे, कॅस लेकमधून निघून ती पाँटिअ‍ॅकमार्गे शेवटी लेक सेंट क्लेअरला मिळते. टाउनशिपच्या दक्षिणेकडचं पाणी रूज नदीकडे जातं. त्यामुळे एका तळ्याचा निर्णय त्या तळ्यापुरता कधीच नसतो.

बेसमेंटचा उल्लेख आला म्हणून. इथे भूजल उथळ आहे, त्यामुळे तळ्यापासून लांबच्या घरातही बेसमेंटमध्ये खड्डा आणि त्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप असतो. वादळात वीज जाते नेमकी पंपाची गरज असते तेव्हाच. आमच्या पहिल्या घरात बॅटरीवर चालणारा जोडपंप नव्हता. एका रात्रीत गुडघाभर पाणी, आणि लग्नाचा अल्बम खालच्या कपाटात. घर बघताना पंप किती वर्षांचा आहे, जोडपंप आहे का, भिंतींवर पांढरट क्षारांची रेघ आहे का, हे बघा. घराच्या नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा येत नाही, पाणी उलटण्याचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

एवढी तळी, तरी नळाचं पाणी त्यातलं नाही. ते ग्रेट लेक्स वॉटर ऑथॉरिटीच्या वाहिन्यांतून बाहेरून येतं. काही जुन्या घरांना अजून विहीर आणि सेप्टिक टँक आहे. असं घर आवडलं तर दोन्हींची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्या.

तळ्यांची तब्येत हा माझ्या काळजीचा विषय आहे, त्यामुळे इथे जरा थांबते. युरेशियन वॉटरमिलफॉइल नावाची पाणवनस्पती बाहेरून आली. बोटीच्या पंख्याने तिचे तुकडे झाले की प्रत्येक तुकडा नवं मूळ धरतो. मग आले झेब्रा शिंपले. ते पाणी गाळून इतकं नितळ करतात की लोक खूश होतात, पण नितळ पाण्यात ऊन खोल पोचतं आणि तण आणखी खोलवर उगवतं. त्यात आता स्टारी स्टोनवर्ट, एक प्रकारचं दाट शैवाल. औषध फवारायला राज्याची परवानगी लागते. घरोघरी कुणी आपापलं फवारू शकत नाही. लॉनच्या खतातला फॉस्फरस पाण्यात जाऊन शैवालाला पोसतो, म्हणून 2012 पासून मिशिगनमध्ये साध्या लॉनवर फॉस्फरसचं खत घालायला बंदी आहे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठही अखेर तळ्यातच येतं, आणि त्याला बाहेर काढायचा उपाय आमच्याकडे नाही. माझी तुम्हाला विनंती, काठापर्यंत गुळगुळीत लॉन करू नका. काठालगत दहा-पंधरा फूट रुंदीच्या पट्ट्यात उंच गवत, आयरिस, सेज (लव्हाळा) असं काही राहू द्या. मुळं काठ धरून ठेवतात, खत अडवतात, आणि कॅनडा गीझ पक्ष्यांना उंच गवतातून पाण्याकडे जायला भीती वाटते, म्हणून ते अंगणात विष्ठा करत नाहीत. आणखी एक, पोहून आल्यावर मुलांच्या अंगाला बारीक खाजरे पुरळ उठले तर घाबरू नका. गोगलगाय आणि पाणपक्षी यांच्यामध्ये फिरणारा एक परजीवी चुकून माणसाच्या कातडीत शिरतो आणि तिथेच मरतो. बाहेर आल्या आल्या टॉवेलने खसखसून पुसलं की बरंच टळतं.

गणपतीचं तुम्ही विचारलंत. मूर्ती तळ्यात विसर्जित करू नका, शाडूचीसुद्धा नाही. नदीत गाळ वाहून जातो, हिमनदीच्या या खड्ड्यांत जे गेलं ते तळाशीच राहतं. आम्ही अंगणात मोठ्या टबमध्ये विसर्जन करतो आणि ती माती झेंडूच्या वाफ्यात घालतो. ठाण्यातही आता कृत्रिम तलाव झालेच आहेत, आईबाबांना ते पटेल. सार्वजनिक उत्सवासाठी डेट्रॉईटचं महाराष्ट्र मंडळ आहे.

घरामागे ओली, झुडपांची जागा दिसली तर ती भरून टाकायचा बेत करू नका. पाणथळ जागांना राज्याने 1979 च्या कायद्याने संरक्षण दिलं आहे आणि टाउनशिपचे पाणथळ आणि वृक्षराजीबाबत स्वतःचेही नियम आहेत. मोठं झाड तोडण्याआधीसुद्धा टाउनशिपला विचारा. पावसाचं पाणी ती दलदलच पिते.

शाळांचं पटकन. शाळांचे जिल्हे आणि टाउनशिपच्या हद्दी जुळत नाहीत. एकाच टाउनशिपमध्ये वेस्ट ब्लूमफील्ड, वॉल्ड लेक, फार्मिंग्टन, ब्लूमफील्ड हिल्स असे वेगवेगळे जिल्हे येतात, कधी रस्त्याच्या दोन बाजूंना दोन. जाहिरातीवर विश्वास ठेवू नका, घराचा पत्ता देऊन शाळा जिल्ह्याच्या कार्यालयात खात्री करा. वेस्ट ब्लूमफील्ड शाळा जिल्ह्याकडे एक चमत्कारिक मालमत्ता आहे. ऑर्चर्ड लेकच्या मधोमध असलेलं अ‍ॅपल आयलंड हे बेट त्यांचं आहे, आणि मुलांना निसर्ग बघायला बोटीने तिथे नेतात.

करांत एक सापळा आहे. 1994 च्या 'प्रपोझल ए' या मिशिगनच्या करनियमानुसार घर एकाच मालकाकडे असेपर्यंत करपात्र किंमत वर्षाला महागाईच्या दराने किंवा 5 टक्क्यांनी, जे कमी असेल तेवढीच वाढते. विक्री झाली की पुढच्या वर्षी ती किंमत बाजारभावाच्या निम्म्यावर जाऊन बसते. तीस वर्षं राहिलेल्या आजीआजोबांची करपावती बघून तुम्ही हिशेब मांडलात तर पुढच्या वर्षी जवळपास दुप्पट पावती हातात पडू शकते. राहतं घर म्हणून सवलतीचा अर्ज भरायला विसरू नका, त्याने शाळेच्या कराचे 18 मिल, म्हणजे करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरमागे 18 डॉलर, वाचतात.

माणसांबद्दल. इथली सुबत्ता डेट्रॉईटच्या ओहोटीशी बांधलेली आहे, हे मुलांनाही कळू द्या. 1950 मध्ये डेट्रॉईटची वस्ती साडेअठरा लाख होती, 2020 मध्ये 6,39,111. मोटारींचे कारखाने आणि मध्यमवर्ग बाहेर सरकला, तसे हे काठ भरत गेले. डेट्रॉईटच्या वायव्येकडून ओक पार्क, साउथफील्ड करत ज्यू समाज इथवर आला. मेपल रोडवरचं त्यांचं मोठं सामुदायिक केंद्र त्याची खूण. इराकमधून आलेले कॅल्डियन ख्रिस्ती इथे मोठ्या संख्येने आहेत, त्यांचं स्वतःचं संग्रहालयही टाउनशिपमध्येच आहे. त्यांच्या बेकरीतली सामून रोटी आमच्या घरी पावभाजीबरोबर जाते. आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबं, जपानी इंजिनिअर, आपले लोक, सगळे आहेत. मेपल रोडवरच 2009 मध्ये सुरू झालेलं हेन्री फोर्ड रुग्णालय आहे, आईबाबांच्या दृष्टीने जवळ.

आईबाबांची अडचण दुसरीच होईल. इथे गाडीशिवाय पाय हलत नाही, कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नाही. माझ्या आईला पहिल्या उन्हाळ्यात कोंडल्यासारखं झालं होतं. मग तिला वेस्ट ब्लूमफील्ड ट्रेल सापडली. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली जवळपास 7 मैलांची सपाट वाट, तळ्यांच्या कडेने, बाकडी आहेत, आणि लागून सुमारे 160 एकरांचं राखीव जंगल. आई रोज सकाळी जायची आणि राखी बगळे मोजून यायची. घर या वाटेपासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं तर तळ्याकाठचं नसलं तरी मी ते आधी घेईन.

तुम्ही मार्चमध्ये बघायला येताय ते उत्तम. बर्फ नुकताच वितळलेला असेल. बर्फाने काठाची भिंत कुठे ढकलली आहे, तडे कुठे आहेत, अंगणात पाणी कुठे साचून राहतं, हे याच महिन्यात उघडं दिसतं. जूनमध्ये सगळ्यावर हिरवळ पसरते. येताना रबरी बूट आणा, आणि बघायच्या घरांचे पत्ते मला दोन दिवस आधी कळवा. त्या तळ्यांच्या ठरलेल्या पातळ्या आणि आकारणीची माहिती मी काढून ठेवते.